मॉलमध्ये ओल्या फरशीवर घसरून मनगट मोडलं, कोर्टात गेलो तर किती मिळतील?

वय 38, पगार 30 हजार, मनगटात प्लेट, आणि 'अमेरिकेत अशा केसला करोडो मिळतात', एवढं तुम्ही लिहिलंय. अमेरिकेत रक्कम ज्युरी, म्हणजे सामान्य नागरिकांचं पंचमंडळ, ठरवते आणि वकील बहुधा मिळालेल्या पैशातला हिस्सा घेतो. आपल्याकडे ज्युरी नाही, आणि भरपाईत हिस्सा ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. मी अपघाताचे दावे चालवतो, त्यामुळे अशिलाचं विमान पहिल्या भेटीतच खाली उतरवावं लागतं.

कोर्ट हिशोब करतं तो तुमचं काय गेलं याचा. दवाखान्याची बिलं, बुडालेला पगार, सोसलेल्या वेदना आणि हाताचा कायमचा अधूपणा. मोठा आकडा या शेवटच्यात असतो, भांडणही तिथेच. यासाठी मोटार अपघाताचं गणित बऱ्याचदा उसनं घेतात: वार्षिक उत्पन्न गुणिले कमाईतली टक्केवारी घट गुणिले वयाचा गुणक. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा निकालात 36 ते 40 वयाला 15 चा गुणक आहे. तुमची कमाई 10 टक्के घटली असं सिद्ध झालं, तर 3,60,000 चे 10 टक्के 36,000, त्याचे पंधरापट 5,40,000. पण त्याच नोकरीवर, त्याच पगारात परतलात तर हाच आकडा पार शून्यावरही येऊ शकतो.

अपंगत्वाच्या दाखल्यावरच्या टक्क्यांवर भिस्त ठेवू नका. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका चीज विक्रेत्याचा पायाच्या 45 टक्के अपंगत्वाचा दाखला होता. कमाईतली घट धरली गेली 20 टक्के.

आणि आपली कोर्टं किती हात आखडतात ते 'उपहार'मध्ये दिसतं. 1997 ला दिल्लीतल्या त्या थिएटरच्या आगीत 59 माणसं गेली. 2003 मध्ये उच्च न्यायालयाने वीस वर्षांवरच्या मृतांसाठी 18 लाख आणि लहानांसाठी 15 लाख ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ते 10 आणि साडेसात लाखांवर आणले. जखमींना मिळाले प्रत्येकी 1 लाख. चौदा वर्षांनी!

तुम्ही तिथे काही खरेदी केली होती का? बिल असेल तर दिवाणी दाव्याऐवजी मी जिल्हा ग्राहक आयोग सुचवेन. मुदत दोन वर्षं, आणि खरेदी 5 लाखांपर्यंतची असेल तर तक्रारीला शुल्क नाही. दिवाणीत कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर लागते, म्हणजे उगाच पन्नास लाख लिहिले की आधी आपल्याच खिशाला कात्री.

मॉलवाले म्हणतील, पाटी लावली होती, साहेब मोबाइलमध्ये बघत चालले होते. तुमचीही चूक ठरली तर तेवढे टक्के वजा होतात. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून 'त्या वेळचं फुटेज जपून ठेवा' अशी लेखी नोटीस आजच स्पीड पोस्टाने पाठवा. त्यांचा सार्वजनिक दायित्व विमा (आवारात कुणाला इजा झाली तर भरपाई देणारा) असेल तर प्रकरण विमा कंपनीकडे जाईल आणि तडजोडीचा फोन येईल. तो येईपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका, फुकट एक्स-रे काढून दिला तरीही.