गुडघा बरा झाला, तरी पाय रोवत का नाही?

‘लिगामेंटचे ऑपरेशन होऊन सहा-सात महिने झाले, डॉक्टर पाय चांगला आहे म्हणतात, तरी मैदानात उतरताना मुलगी कचरते, हा मनाचा आजार तर नाही ना?’ असा प्रश्न जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील पालक आणि प्रशिक्षक मला अनेकदा विचारतात. त्याचे उत्तर एका मुलीच्या अनुभवातून देते. तिची परवानगी मी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती चोपडा तालुक्यातली, महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी, कबड्डीतली चढाईपटू. ऑक्टोबरमधल्या एका सामन्यात चढाईवरून परतताना तिने डावा पाय रोवून अंग वळवले आणि गुडघ्यातून ‘टक’ असा आवाज आला. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत तिरके बांधून ठेवणारे पुढचे लिगामेंट, म्हणजे खेळाडू ज्याला ‘एसीएल’ म्हणतात ते, पूर्ण तुटले होते. दिवाळीनंतर तिच्याच मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, घेऊन दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली.

जूनमध्ये, पेरण्यांची धांदल सुरू असताना, आई तिला घेऊन आली. वडील शेत सोडून येऊ शकले नव्हते. खर्च झाला, आता खेळ पुरे, असा त्यांचा निरोप होता. प्रशिक्षकांचे म्हणणे नेमके उलट होते: पोरगी मनाने खचली आहे, तिला धीर द्या, निवड चाचणी जवळ आली आहे. आई या दोघांच्या मध्ये उभी होती. ती एवढेच म्हणाली, “ताई, पाय बरा व्हई गया, पण पोरगी बरी नही व्हयनी.”

पहिल्याच भेटीत माझ्याकडून एक चूक झाली, आणि ती सांगणे आवश्यक वाटते. मी तिला विनेश फोगाटचे उदाहरण दिले: 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघ्याला गंभीर दुखापत होऊन स्ट्रेचरवरून बाहेर गेलेली ही कुस्तीपटू 2018 मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन परतली. मुलीने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “मॅडम, त्यांच्यासोबत फिजिओ असतो. मला फिजिओकडे जायला एसटी बदलावी लागते.” पुढे कळले की पहिल्या तीन महिन्यांनंतर ती फिजिओथेरपीला गेलीच नव्हती. दुखणे थांबले, चालता येऊ लागले, मग भाडे कशाला घालवायचे, असा घरचा हिशेब होता, आणि तो त्यांच्या जागी राहून पाहिला तर चुकीचा म्हणता येत नाही.

म्हणून भीती घालवण्याआधी ती खरी आहे की नाही, हे पाहायचे मी ठरवले. ओळखीच्या फिजिओथेरपिस्टकडून दोन्ही पायांची तुलना करून घेतली. साधारणपणे दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के भरावी आणि एका पायावरच्या उड्यांमध्येही तेवढेच साम्य असावे, अशी अपेक्षा असते. तिच्या डाव्या मांडीचा पुढचा स्नायू जवळपास पाव हिश्शाने कमी भरला. म्हणजे जिला सगळे भित्री म्हणत होते, तिचा पाय तिला खरेच सांगत होता की मी अजून तयार नाही.

पालकांना हे समजावणे अवघड जाते, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. बसवलेली कंडरा पहिल्या दिवसापासून लिगामेंट नसते. शरीर तिच्यात हळूहळू रक्तवाहिन्या आणि नवे तंतू भरते, आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत ती बळकट होण्याआधी उलट कमजोर होते. ऑस्लो येथील खेळाडूंवरील 2016 च्या अभ्यासात असे आढळले, की नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबले, तितक्या महिन्यांगणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटत गेले. वडिलांना मी हे फोनवर सांगितले, आणि हेही सांगितले की या शस्त्रक्रियेनंतर शंभरातले सुमारे ऐंशी जण कोणता ना कोणता खेळ पुन्हा खेळतात, मात्र स्पर्धेच्या पातळीवर पन्नास-पंचावन्नच पोहोचतात. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग एसटीच्या पासबद्दल विचारू लागले.

तरीही सगळी भीती स्नायूंची नव्हती. तिसऱ्या भेटीत तिने खरी सल सांगितली. तिला कोणी ढकलले असते तर राग धरायला माणूस मिळाला असता. इथे कोणी शिवलेही नव्हते. “माझ्याच पायाने मला फसवले,” असे ती म्हणाली. वळून पाय रोवताना होणारी ही दुखापत बहुतेक वेळा कोणाच्या धक्क्याशिवायच होते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. आणखी एक गोष्ट: मध्यरेषेजवळ पोहोचताच तिचा दम तुटत होता. ‘कबड्डी, कबड्डी’ हा उच्चार रेषेआधीच थांबत होता, कारण ती श्वास कोंडून गुडघ्याकडे पाहत होती.

फिजिओथेरपिस्टने ज्या हालचालीला परवानगी दिली असेल तेवढीच घ्यायची आणि भीतीला शून्य ते दहा गुण द्यायचे, असे आम्ही ठरवले. आधी मोकळ्या मैदानात नुसते चालत, पण दम न तोडता, रेषा ओलांडायची. मग सावकाश धावत. मग डाव्या पायावर वळणे, ज्याला तिने नऊ गुण दिले होते आणि ज्यावर पाच आठवडे गेले. त्यानंतर विश्वासातल्या एका मैत्रिणीला समोर उभे करून, न पकडण्याच्या अटीवर, चढाई. गुण चारच्या वर असतील तर पुढची पायरी नाही. निवड चाचणी निघून गेली. प्रशिक्षक नाराज झाले. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

पोळ्याच्या आठवड्यात नववा महिना उलटला. दुसऱ्या चाचणीत मांडीची ताकद नव्वदच्या वर गेली, आणि त्यानंतरच तिला पकडीची परवानगी मिळाली. पहिल्याच सराव सामन्यात तिची चढाई साखळी पकडीत अडकली, ती पडली, उठली आणि गुडघ्याकडे न पाहता बाहेर गेली. आईने ते बांधावरून पाहिले.

हिवाळ्यातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ती खेळली, पण चढाईसाठी नव्हे. बचावफळीतली ‘डावा कोपरा’ ही जागा तिने स्वतः मागून घेतली. गुडघ्याला अजूनही नी-कॅप असते. फिजिओथेरपिस्ट म्हणतात तिची गरज नाही. मी ती काढायला सांगितलेली नाही.