रायफलची काडतुसं रीलोड करायला स्वस्त सरप्लस पावडर घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत .३०८ आणि .३०-०६ या मापांच्या काडतुसांसाठी मिलिटरी सरप्लस, म्हणजे लष्कराकडे उरलेली पावडर निम्म्या भावात मिळतेय, ती घ्यावी का, आणि डब्यावरचा नंबर जुळत असेल तर दुकानातल्या पावडरचाच डेटा (काडतुसात किती पावडर भरायची ते आकडे) चालेल का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही चालणार. यावरून आमच्या घरात भांडण झालेलं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आमचे मोठे साडू ओहायोत असतात. त्यांच्याकडे एम-१ गॅरंड आहे, म्हणजे .३०-०६ ची जुनी लष्करी रायफल, गॅसच्या दाबावर आपोआप पुढचं काडतूस भरणारी. जीव की प्राण. एका गन शोमधून त्यांनी ४८३१ जातीची सरप्लस पावडर स्वस्तात उचलली आणि गॅरंडसाठी काडतुसं भरायला घेतली. मी म्हटलं, "दादा, ही पावडर फार संथ जळते, गॅरंडला चालणार नाही." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "पावडरवाल्या हॉजडनने आयुष्यभर सरप्लसच विकली ना?" वर जेवताना सगळ्यांसमोर, "फॅक्टरीतल्या माणसाचा मुलगा, याला सगळीकडे तपासणीच दिसते." माझे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते, तपासणीच्याच कामावर. घरी कामाचं अवाक्षर काढायचे नाहीत, पण लॉट नंबर (कोणत्या घाण्यातला माल ते सांगणारा) न बघता त्यांनी कधी फटाकेसुद्धा आणले नसते.

हॉजडनचं म्हणाल तर गोष्ट खरी आहे. महायुद्ध संपल्यावर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने विम्यावर कर्ज काढून सरकारी ४८९५ विकत घेतली आणि कुरणात ठेवलेल्या रेल्वेच्या जुन्या डब्यात साठवली. पण ४८९५ ही .३०-०६ च्या लष्करी काडतुसाचीच पावडर, म्हणजे गॅरंडला अगदी चपखल. त्याची ४८३१ आली ती २० मिलिमीटर तोफेच्या काडतुसांतून. बोल्ट ॲक्शनमध्ये, म्हणजे दर गोळीला हाताने खटका ओढायच्या रायफलमध्ये, जड बुलेटमागे ती उत्तम चालते. गॅरंडमध्ये मात्र यंत्रणा चालवायला गॅस बाहेर घेणारं भोक नळीच्या पार तोंडाशी असतं. संथ पावडर उशिरापर्यंत जळते, बुलेट तिथे पोचते तेव्हाही दाब चढाच असतो आणि तो सगळा दणका यंत्रणा मागे ढकलणाऱ्या दांड्याला, ऑपरेटिंग रॉडला बसतो. चेंबरमधला (काडतूस बसतं तिथला) दाब मर्यादेत असला तरी रॉड वाचत नाही.

रेंजवर तेच झालं. दुसऱ्या क्लिपला रायफल अडली. काढून बघतो तर रॉड वाकलेला. कुणाला लागलं नाही, नशीब. साडू म्हणाले, "जुनी रायफल आहे, कधीतरी व्हायचंच होतं." आजही तेच म्हणतात.

आता तुम्ही विचारलेला डब्यावरचा नंबर. ७.६२ नाटोच्या (.३०८ च्या लष्करी भावंडाच्या) काडतुसात डब्ल्यूसी ८४६ ही पावडर असायची, आणि दुकानात मिळणारी बीएल-सी(२) तिच्याच घराण्यातली. म्हणून लोक सरळ तिचा डेटा लावतात. पण कारखान्यात चार्ज, म्हणजे काडतुसात भरायच्या पावडरचं वजन, ठरलेला नसतो. दाब आणि वेग ठरलेला असतो, आणि दर लॉटला चार्ज त्याप्रमाणे कमीजास्त करतात. दुकानातल्या डब्यासाठी लॉट मिसळून एका मापाला आणतात, सरप्लसला ते कुणी केलेलं नसतं. खुद्द लष्करानेही हे भोगलंय. १९६४ मध्ये एम-१६ रायफलच्या ५.५६ काडतुसात आयएमआर ४४७५ या पावडरच्या जागी डब्ल्यूसी ८४६ आली, तर रायफलमधून मिनिटाला जास्त गोळ्या सुटू लागल्या आणि पावडरमधल्या कॅल्शियम कार्बोनेटमुळे गॅस ट्यूबमध्ये घाण साचू लागली. पुढे कार्बोनेट कमी असलेले लॉट ५.५६ साठी वेगळे काढले, त्यांना नाव पडलं डब्ल्यूसी ८४४. लष्कराला जे नंबरावरून कळलं नाही ते गन शोमधल्या चिठ्ठीवरून तुम्हाला कळणार?

आणि वाचतं तरी किती? पावडर ग्रेनमध्ये मोजतात, पाउंडात ७००० ग्रेन. .३०८ ला ४४ ग्रेन धरा, म्हणजे साधारण १६० काडतुसं. पाउंडाला ४५ डॉलर असतील तर गोळीमागे २८ सेंट. सरप्लस निम्म्या भावात मिळाली तर वाचले १४. त्यातून कुरिअरची हॅझमॅट (धोकादायक मालाची) फी वजा करा. बुलेटवर तुम्ही याहून जास्त उडवता.

तरी घ्यायचीच असेल तर एकाच लॉटची भरपूर घ्या. सगळ्यात कमी चार्जपासून सुरू करून क्रोनोग्राफवर (बुलेटचा वेग मोजायच्या यंत्रावर) स्वतःचा डेटा बांधा, दुसऱ्याचा आकडा घेऊ नका. जुनी काडतुसं उघडून काढलेली पावडर असेल तर लॉट मिसळलेले असू शकतात, ती मी फुकटही घेणार नाही. डबा उघडल्यावर आंबूस, नाकाला झोंबणारा वास आला किंवा तांबूस धूळ दिसली तर ती पावडर संपली समजा. आणि घरात २० पाउंडांपर्यंतच, तीही मूळ डब्यात. स्थानिक नियम याहून कडक असू शकतात, ते बघून घ्या.

हे सगळं अमेरिकेपुरतं. भारतात परवान्याची रायफल असली तरी काडतुसं बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो, तेव्हा तिथल्या कुणी हे वाचून काडतुसं भरायचं प्रेस मागवू नये. बोल्ट ॲक्शनवाल्यांना माझा ४८३१ वरचा राग लागू नाही. साडूंनी बोल्ट ॲक्शन घेतली असती तर मी गप्प बसलो असतो. त्यांना अजून ती उरलेली पावडर संपवायची आहे, आणि नवीन रॉड मीच शोधून दिलाय.