वाचकांचे प्रश्न : लॅपटॉपचा नवा अडॅप्टर निवडताना

प्रश्न : महोदय, माझ्या लॅपटॉपचा मूळ अडॅप्टर सहा वर्षांनंतर बिघडला आहे. त्यावर १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असे छापलेले आहे. दुकानदाराने मला १९ व्होल्ट, ४.७४ अँपिअरचा दुसऱ्या कंपनीचा अडॅप्टर दाखवला. घरातही एक जुना १९.५ व्होल्ट, २.३१ अँपिअरचा अडॅप्टर पडून आहे. दोघांच्याही पिना माझ्या लॅपटॉपमध्ये व्यवस्थित बसतात. अँपिअर जास्त असतील तर लॅपटॉप जळतो, असे एका मित्राचे म्हणणे आहे. पिनेच्या मधोमध सुईसारखी एक बारीक तार दिसते, तिचा काही संबंध असतो का? कोणता अडॅप्टर घ्यावा?

उत्तर : आपल्या पत्रात सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण सहज जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे पिनेच्या मधली सुई. तिच्याकडे येण्याआधी आपल्या मित्राची शंका दूर करू, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्यापायी लोक नेमका चुकीचा अडॅप्टर उचलतात.

अडॅप्टरवर छापलेला अँपिअरचा आकडा ही त्याची कमाल क्षमता असते. तेवढा प्रवाह तो लॅपटॉपमध्ये ढकलतो असा त्याचा अर्थ नव्हे. लॅपटॉपला ज्या क्षणी जितका प्रवाह लागतो तितकाच तो ओढून घेतो. विहिरीत पाणी जास्त आहे म्हणून घागर फुटत नाही. त्यामुळे ३.३४ च्या जागी ४.७४ अँपिअरचा अडॅप्टर लावण्यात विजेच्या दृष्टीने काहीही धोका नाही, उलट तो कमी तापेल. धोका आहे तो उलट दिशेला. आपल्या लॅपटॉपचा मूळ अडॅप्टर १९.५ गुणिले ३.३४, म्हणजे सुमारे ६५ वॅटचा आहे आणि घरातला जुना अडॅप्टर ४५ वॅटचा. बॅटरी चार्ज होत असताना आपण जड काम सुरू केले की त्या ४५ वॅटच्या अडॅप्टरवर त्याच्या कुवतीबाहेरचा भार येतो. अडॅप्टर चांगल्या घडणीचा असेल तर त्यातले संरक्षक सर्किट तो बंद करते, थोड्या वेळाने पुन्हा चालू करते आणि हा खेळ चालूच राहतो. हलक्या प्रतीचा असेल तर तो तापत राहतो आणि एक दिवस जळका वास येतो. काही लॅपटॉप कमी क्षमतेचा अडॅप्टर ओळखून स्वतःच वेग कमी करतात आणि बॅटरी सावकाश चार्ज करतात, परंतु आपला लॅपटॉप तसा आहे हे पक्के ठाऊक नसेल तर घरातला तो अडॅप्टर पडून आहे तेथेच राहू द्यावा.

व्होल्टचा नियम मात्र वेगळा आहे. येथे 'जास्त असले तरी चालते' हे लागू होत नाही. आकडा जुळायला हवा. आपल्या बाबतीत १९ आणि १९.५ यांतला फरक अडीच टक्क्यांच्या आसपास आहे आणि तो लॅपटॉपला सहसा जाणवत नाही. याचे कारण असे की अडॅप्टरमधून आलेली वीज लॅपटॉप जशीच्या तशी वापरत नाही. बॅटरीत तीन सेल एकापाठोपाठ जोडलेले असतील तर ती पूर्ण भरताना १२.६ व्होल्ट लागतात, चार असतील तर १६.८, प्रोसेसरला तर एका व्होल्टच्या आसपासच दाब पुरतो. हे सर्व दाब लॅपटॉपमधले छोटे कन्व्हर्टर उतरवून तयार करतात. १६.८ च्या वर थोडी जागा राहावी, एवढ्याचसाठी बहुतेक कंपन्या १८.५ ते २० व्होल्टच्या पट्ट्यात राहिल्या आहेत. म्हणून अर्ध्या व्होल्टने बिघडत नाही; पण १५ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर बॅटरी बहुधा भरणार नाही, आणि २४ व्होल्टचा लावला तर आतले भाग कायमचे जाऊ शकतात. ज्या 'सर्व लॅपटॉपना चालणाऱ्या' अडॅप्टरवर व्होल्ट बदलण्याचे बटण असते आणि सोबत दहा-बारा टोके येतात, त्यांच्याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही; ते बटण घरातल्या कोणाच्या हातून कधी सरकेल याचा नेम नसतो.

आता ती सुई. पिनेच्या मधोमध असलेली ही तार सहसा लॅपटॉपला वीज देत नाही. धन टोक पिनेच्या नळीच्या आतल्या पृष्ठभागावर असते, ऋण टोक बाहेरच्या पृष्ठभागावर, आणि सुई फक्त ओळख पटवण्यासाठी असते. डेल कंपनीच्या अनेक अडॅप्टरांत एक इवलीशी स्मृती-चिप बसवलेली असते आणि लॅपटॉप या सुईतून तिला 'तू किती वॅटचा' असे विचारतो. लिनोव्होच्या चौकोनी पिनेत हेच काम ठराविक मूल्याच्या रेझिस्टरवर, म्हणजे प्रवाहाला अडथळा करणाऱ्या छोट्या भागावर, भागवलेले आहे. एचपीच्या मधल्या सुईचे कामही ओळखीचेच, पण पद्धत डेलहून निराळी. उत्तर आले नाही किंवा कळले नाही, तर लॅपटॉप चालू होतो, मात्र पडद्यावर अडॅप्टर ओळखता येत नसल्याची सूचना येते, बॅटरी चार्ज होत नाही आणि बऱ्याचदा प्रोसेसरचा वेगही मुद्दाम कमी केला जातो. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालला असे समजू नये, ते यासाठीच. दुकानदाराने दाखवलेला १९ व्होल्टचा अडॅप्टर आकड्यांच्या कसोटीवर उतरतो. पण आपला लॅपटॉप सोबत नेऊन, बॅटरी अर्धी रिकामी असताना तो लावून बघावा आणि चार्जिंगचे चिन्ह दिसून बॅटरीची टक्केवारी खरोखर वाढत आहे याची खात्री होईपर्यंत पैसे देऊ नयेत. टक्केवारी वाढली नाही, तर आपल्याच कंपनीचा, जुन्या अडॅप्टरवरील पार्ट नंबरशी जुळणारा, ६५ किंवा ९० वॅटचा अडॅप्टर घ्यावा.

एक गोष्ट मात्र खरेदीआधी तपासावी, कारण पुष्कळदा अडॅप्टर बिघडलेलाच नसतो. भिंतीपासून अडॅप्टरच्या ठोकळ्यापर्यंत येणारी वायर वेगळी निघते. तीन पाकळ्यांच्या तोंडाची तशीच दुसरी वायर लावून बघणे सर्वांत सोपे. ठोकळ्यावर दिवा असेल आणि तो एरवी लागत असून लॅपटॉपला जोडताच विझत असेल, तर लॅपटॉपच्या आतल्या शॉर्ट सर्किटची शक्यता मोठी असते, नवा अडॅप्टरही तसाच विझेल. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजण्याचे उपकरण, असल्यास त्याचे एक टोक नळीच्या आत आणि दुसरे बाहेर टेकवून १९.५ च्या आसपास आकडा येतो का ते बघावे. मात्र दोन टोके एकमेकांना लागू देऊ नयेत आणि सुईला स्पर्श करू नये. आकडा बरोबर येतो, लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही अशी अवस्था असेल, तर बहुधा पिनेजवळ वायर सतत वाकत राहिल्यामुळे ओळखीची ती केसासारखी तार आत तुटलेली असते. पिन लॅपटॉपमध्ये हलवल्यावर चार्जिंग चालू-बंद होत असेल, तर संशय लॅपटॉपच्या सॉकेटवर घ्यावा.

नवा अडॅप्टर हातात आला की त्याचे लेबल भिंगातून वाचावे. पिनेचे चित्र, म्हणजे मधल्या ठिपक्याकडे (नळीच्या आतल्या बाजूकडे) धन आणि बाहेरच्या वर्तुळाकडे ऋण, जुन्याशी जुळले पाहिजे. व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार छापलेल्या वॅटशी जमला पाहिजे, लेबलवर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर आणि शेजारी ९० वॅट असे असेल, तर छापणाऱ्याने आतही असाच हिशेब केला असणार. बनावट अडॅप्टर स्वस्त पडतो तो आतले फिल्टर, संरक्षक सर्किट आणि घरातल्या विजेची बाजू व लॅपटॉपची बाजू यांमधले अंतर यांवर काटकसर करून, आणि यांपैकी काहीही बाहेरून दिसत नाही. म्हणून बनावट नव्यापेक्षा चांगल्या अवस्थेतला जुना मूळ अडॅप्टर मी केव्हाही पसंत करीन.

प्रश्न : नवा अडॅप्टर लावल्यापासून लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात फिरवला की मुंग्या आल्यासारखे वाटते. जुन्याच्या बाबतीत असे होत नव्हते. अडॅप्टर परत करावा काय?

उत्तर : नव्या अडॅप्टरचा भिंतीतला प्लग दोन पिनांचा आहे आणि जुन्याचा तीन पिनांचा होता, असे आढळले तर कारण सापडलेच म्हणून समजा. विजेतला गोंगाट कमी करण्यासाठी अडॅप्टरच्या दोन बाजूंमध्ये एक लहान कपॅसिटर जोडलेला असतो आणि त्यातून अतिशय सूक्ष्म प्रवाह पाझरतो. तिसरी पिन असेल तर तो अर्थिंगच्या वाटेने निघून जातो. नसेल तर बोटांना तो जाणवतो. नीट बनवलेल्या दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये हा प्रवाह पाव मिलिअँपिअरच्या आत ठेवलेला असतो आणि तो घातक नसतो. प्लग तीन पिनांचा असूनही मुंग्या येत असतील, तर प्रथम भिंतीतल्या सॉकेटचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. मुंग्यांऐवजी झटका बसत असेल, तर मात्र तो अडॅप्टर त्याच क्षणी काढून परत करावा.

प्रश्न : माझा लॅपटॉप टाइप-सी पिनेने चार्ज होतो. फोनसोबत आलेला ६५ वॅटचा चार्जर त्याला लावला तर चार्जिंग अगदी हळू होते. ६५ वॅट सारखेच असताना असे का?

उत्तर : टाइप-सीमध्ये जोडणी होताच चार्जर आणि लॅपटॉप एकमेकांशी बोलून व्होल्ट ठरवतात. यूएसबी पॉवर डिलिव्हरी या पद्धतीत ५, ९, १५ आणि २० व्होल्ट हे नेहमीचे टप्पे आहेत आणि बहुतेक लॅपटॉपना २० चा टप्पा हवा असतो. काही फोनचे चार्जर ६५ वॅट देतात ते १० व्होल्ट आणि ६.५ अँपिअर अशा स्वतःच्या पद्धतीने, आणि तेही केवळ त्याच कंपनीच्या फोनला. लॅपटॉपशी त्यांचे बोलणे खालच्याच टप्प्यावर थांबते. म्हणून चार्जरच्या लेबलवर मोठ्या अक्षरांतल्या वॅटकडे न बघता '२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर' अशी ओळ शोधावी. केबलही महत्त्वाची: साधी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे ६० वॅटपर्यंतच चालते, त्याहून अधिक हवे असल्यास ओळख-चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते. २०२१ मधील सुधारणेनंतर ही पद्धत ४८ व्होल्ट आणि २४० वॅटपर्यंत पोहोचली आहे. लॅपटॉपच्या गरजेहून मोठा चार्जर येथे निर्धास्तपणे घ्यावा, कारण न मागितलेला दाब तो देतच नाही. त्याच कारणाने टाइप-सी चार्जरच्या मोकळ्या टोकाला मल्टिमीटर लावला तर आकडा शून्य दिसतो, त्यावरून तो बिघडला असे समजू नये.

टाइप-सी चार्जरवर गोल पिनेचा जुना लॅपटॉप चालवून देणाऱ्या केबलही मिळतात. त्या चार्जरकडून २० व्होल्ट मागून घेतात आणि साध्या पिनेच्या लॅपटॉपवर बऱ्यापैकी काम करतात. परंतु पहिल्या प्रश्नातल्या वाचकांसारखी मधली सुई ज्यांच्या पिनेत आहे, त्यांनी ती केबल आपल्या लॅपटॉपला अडॅप्टरची ओळख पटवते का, हे आधी लावून बघावे.