मुलीला घेऊन इंग्लंडला संशोधनासाठी येऊ का? (उत्तर जरा लांबलंय)

वयाने बरीच मोठी आहे म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस. तुझा प्रश्न थोडक्यात असा: उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात दोन वर्षांची पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी) मिळाली आहे, विषय कोविडच्या काळातलं बायकांचं बिनपगारी आरोग्यकाम, भागीदार संस्था भारतात आणि केनियात, मुलगी सहा वर्षांची, नवरा सहा महिन्यांनी मागून येणार. येऊ का? काल रात्री वाचलं, दोन ओळी लिहून झोपणार होते, तेवढ्यात उजाडलंच. मी 2018 मध्ये इकडे आले आणि 2020 ते 2022 जवळजवळ असल्याच प्रकल्पावर होते.

व्हिसा, टीबीची चाचणी, आरोग्य अधिभार हे सगळं सरकारी पानांवर आहे आणि सारखं बदलतं, त्यामुळे माझ्या जुन्या माहितीवर विसंबू नकोस. नावाचं मात्र सांगते, ते तिथे कुठे लिहिलेलं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांसारखं माझ्या पासपोर्टवर माझ्या नावाला जोडून नवऱ्याचं नाव आहे, आणि मग त्याचं आडनाव. पदव्या माहेरच्या नावाने, पेपरही माहेरच्या नावाने. विद्यापीठाच्या संगणकाने काय केलं, तर माझं पहिलं नाव गाळून मधलं उचललं. चौदा महिने माझा ईमेल, ओळखपत्र आणि खोलीच्या दारावरची पाटी नवऱ्याच्या नावाची होती. स्त्री-पुरुष समतेवर काम करणारी बाई आणि दारावर नवरा! प्रत्येक खात्याने दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवलं. शेवटी लग्नाचा दाखला पुन्हा नोटरी करून मागवला, तोही अडकला, कारण त्यावर माझ्या नावातला एक 'ए' जास्त होता. निघण्याआधी एक प्रतिज्ञापत्र करून घे, सगळी नावं एकाच बाईची आहेत असं. दोन प्रती काढ. नाही, चार काढ.

आता कामाचं. असल्या प्रकल्पाचा कागद वाचायला फार गोड असतो. तीन देश, समान भागीदारी वगैरे. मार्च 2020 मध्ये भारतात लोकांनी थाळ्या वाजवल्या, इथे मार्च ते मे दर गुरुवारी रात्री आठला दारात येऊन टाळ्या. दोन्हीकडे ज्यांच्यासाठी वाजत होतं त्यात बायका जास्त, हे बघूनच आमचा विषय ठरला. आपल्याकडे आशाताई घरोघर जाऊन ताप मोजत होत्या आणि कागदोपत्री त्या स्वयंसेविका, म्हणून पगार नाही, मानधन. केंद्राने कोविडच्या कामाचे वर महिन्याला 1000 रुपये दिले. जून 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या सुमारे 70 हजार आशा संपावर गेल्या, तेव्हा कुठे राज्याने 1000 वाढवले आणि 500 कोविड भत्ता दिला. केनियातही गावोगाव असेच आरोग्य स्वयंसेवक. म्हटलं, इथे आपण उपयोगी पडू.

पहिलंच काम संमतीपत्राचं भाषांतर. टीममध्ये मराठी येणारी मी एकटी. 'जेंडर इक्विटी'ला मी 'लिंगभाव समन्याय' लिहिलं, कारण पुस्तकात तसंच असतं. नियम असा की भाषांतर दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून घ्यायचं. ते एका एजन्सीकडून आलं तेव्हा त्यात 'लैंगिक भावनांबाबत न्याय' अशा अर्थाचं काहीतरी होतं. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीने गंभीरपणे विचारलं की नेमक्या कोणत्या भावनांचा अभ्यास चाललाय. खुलासे, पुन्हा फॉर्म, तीन आठवडे गेले. शेवटी गावाकडच्या एका ताईने फोनवर सोपं केलं, 'म्हणजे बाईमाणसाला किती काम पडतं ते ना?' तेच लिहिलं.

हसू येतं आता, पण माझं म्हणणं पुढचं आहे. भाषा येते म्हणून ते काम माझं झालं आणि माझंच राहिलं. एकेचाळीस मुलाखती मी घेतल्या, ऐकून लिहून काढल्या आणि रात्री बसून इंग्रजीत केल्या. कामाच्या वेळापत्रकात त्याला शून्य तास. विचारलं तर उत्तर, अगं पण तुला सोपं जातं ना. बिनपगारी कामावरच्या प्रकल्पात मी बिनपगारी काम करत होते, आणि हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

पैशांचं तर बोलूच नये, पण बोलते. आम्ही मुख्य भारतीय संस्थेला पैसे पाठवणार आणि ती ते खालच्या छोट्या महिला संस्थेला देणार, असं ठरलं होतं. सप्टेंबर 2020 मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशातून येणाऱ्या निधीचा कायदा, बदलला. परदेशी निधी एका संस्थेने दुसरीला द्यायचा नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्के, आणि खातं दिल्लीच्या स्टेट बँकेतच हवं. झालं. मुलाखतींसाठी बायका जमवणाऱ्या ज्या तिघी होत्या, त्यांना द्यायचे पैसे आमच्याकडे पडून आणि द्यायचा रस्ता बंद. आमच्या करारखात्यात पाच महिने त्यावर विचार चालला. तिघी दर पंधरा दिवसांनी मलाच विचारायच्या, कारण फोन लागणारी मीच. मी सांगायची, प्रक्रिया चालू आहे. हा शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा कधी वापरला नव्हता.

त्यातून सावरतोय तर मार्च 2021. ब्रिटनने परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 वरून 0.5 टक्क्यावर आणली होती. त्यात संशोधनाच्या पैशात 12 कोटी पौंडांची तूट निघाली आणि चालू प्रकल्पही कापले गेले. आमचा जवळजवळ अर्धा झाला. कापाकापी कुठून सुरू झाली असेल? भागीदार देशांतल्या पगारांपासून. इथल्या लोकांचे करार पक्के होते, माझाही. त्या बैठकीत केनियातली सहकारी वीज गेली म्हणून अंधारात बसली होती. ती एवढंच म्हणाली, 'ठीक आहे, कळलं.' मी कॅमेरा बंद केला. मी काही बोलले नाही, हे लिहून ठेवते. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला होता हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं.

मुलीच्या शाळेचं विचारलंस. इथे माझं संतुलन जातं, आधीच सांगते. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना आला, पुण्यात सिनियर केजीत इंग्रजी वाचत होता. इथल्या शाळेत महिनाभर तोंड उघडलं नाही त्याने, अगदी शू लागली तरी. इथे वाचनाची पुस्तकं पातळीप्रमाणे रंगांत वाटलेली असतात. त्याला लाल मिळाली, म्हणजे जवळजवळ तळाची, आणि वर्षभर तिथेच ठेवलं. घरी तो लायब्ररीतली डायनासोरची जाडी पुस्तकं वाचत होता. दोनदा सांगितलं, दोनदा मान डोलावली गेली. मग बाई म्हणाल्या, घरी इंग्रजी बोलाल तर त्याला बरं पडेल. आम्ही ऐकलं. दोघंही शिकलेले, मी तर भाषेवरच पोट भरणारी, तरी ऐकलं. आज तो तेरा वर्षांचा आहे. मराठी सगळी समजते, उत्तर इंग्रजीत. व्हिडिओवर आजोबा विचारतात, 'काय रे, जेवलास का?' आणि तो माझ्याकडे बघतो. त्या बाईंवर राग आहे, त्याहून जास्त आमच्यावर आहे, आणि तो कुठे ठेवायचा ते कळत नाही.

जानेवारी 2021 मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या, त्या 8 मार्चला उघडल्या. ताईंना जेवणं आटपून दुपारी तीनला फोनवर बोलायला मोकळीक, म्हणजे इथले सकाळचे साडेनऊ, म्हणजे बरोबर मुलाच्या ऑनलाइन वर्गाची वेळ. दार असलेली खोली नवऱ्याकडे, कारण त्याच्या मीटिंगा 'मोठ्या'. मी स्वयंपाकघरात एका कानाने ताई, दुसऱ्या कानाने भागाकार. शाळेचा मेल यायचा, 'डिअर मम, नऊ दिवस गृहपाठ आलेला नाही.' मेल दोघांच्या पत्त्यावर, पण डिअर मम. नवरा म्हणाला, तुलाच लिहिलंय.

हे कुणाला सांगितलेलं नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये आम्ही वेळेच्या नोंदवहीची चाचणी स्वतःवर केली होती. भारताच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणाच्या धर्तीवर, पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने. त्या सर्वेक्षणाचा आकडा तुला पाठच असेल, स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं, पुरुषांची 97, आणि मुळात करणारे पुरुषच शंभरात 26. आमच्या घरची नोंद तशीच, किंबहुना वाईट, निघाली असती. टीममध्ये भारतीय घर आमचं एकटंच. गोऱ्या सहकाऱ्यांसमोर नवऱ्याची, खरं तर आपली सगळ्यांचीच, शोभा नको म्हणून मी माझे दोन तास कमी लिहिले आणि त्याच्या रकान्यात स्वयंपाकाचा एक तास घातला. त्याची वहीसुद्धा मीच भरली, त्याला वेळ नव्हता. बैठकीत एकजण कौतुकाने म्हणाली, तुमच्याकडे बरंच समसमान दिसतंय. मी थँक यू म्हटलं.

फेब्रुवारीत एका ताईची मुलाखत होती. फोन तिच्या नवऱ्याचा, स्पीकरवर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे तेव्हा देशात जेमतेम 54 टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. फोनवर मुलाखती घेणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं, आम्ही नंतर घेतलं. ती म्हणाली, 'समदं बरं हाय मॅडम, घरचे लय मदत करत्यात.' मी त्या उत्तराला कोड लावला, म्हणजे विश्लेषणासाठीचं लेबल: कौटुंबिक आधार. रात्री दुसऱ्या नंबरवरून मिस्ड कॉल आला. 'मघाचं ते लिहू नका मॅडम.' मग खरं काय ते वीस मिनिटं सांगितलं. पहिलं तिने काढायला सांगितलं म्हणून काढलं, दुसरं लिहायला संमती नव्हती म्हणून घेतलं नाही. आमच्या अहवालात ती बाई नाहीच. माझ्या त्या दोन तासांसारखी.

एकटेपणाचं विचारलंस. येतो. दोन हिवाळ्यांनी सवय होते. मोठा कुकर सोबत आण.

एप्रिल 2021 चं मात्र सांगून टाकते. साताऱ्याला बाबांना ऑक्सिजन लागला. 23 एप्रिलला इंग्लंडने भारत लाल यादीत टाकला. गेले असते तर परत आल्यावर हॉटेलात दहा दिवस सक्तीचं विलगीकरण, माणशी 1750 पौंड. हिशोब केला आणि गेले नाही. पैसे होते, लक्षात घे. बेड वहिनीने शोधला, पीपीई घालून डबा तिने दिला, महिनाभर उशाशी ती बसली. प्रकल्पाच्या भाषेत ती बिनपगारी काळजीवाहू होते. तिला अजून मी हे तोंडावर बोललेले नाही, दर दिवाळीला पार्सल पाठवते. बाबा बरे झाले. त्यांना वाटतं मला विमान मिळालं नाही.

तर, येऊ का? ये. एवढं सगळं वाचून तू येणारच आहेस, आणि मीही पुन्हा आलेच असते. पण नवरा सहा महिन्यांनी नको, बरोबरच येऊ दे. पहिल्या सहा महिन्यांत शाळेचा, डॉक्टरचा, वीजबिलाचा नंबर ज्याचा लागतो तो कायमचा त्याचाच राहतो. मुलीच्या शाळेकडून ती काय वाचते ते शिक्का-सहीनिशी इंग्रजीत लिहून आण आणि पहिल्याच दिवशी टेबलावर ठेव. घरी मराठीच बोला, कुणी काहीही सांगो. होकार कळवण्याआधी त्यांना विचार, की खालच्या संस्थेला पैसे कोण, कुठून देणार, आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी लागणार असेल तर ती कुठवर आली, आणि पेपरवर त्या तिघींसारख्यांची नावं येणार का. उत्तर 'प्रक्रिया चालू आहे' असं आलं तर समजून जा.

आणि तुझ्या ऑफर लेटरमध्ये 'भागीदार संस्थांशी समन्वय' अशी एक ओळ असेल. तिच्यापुढे आठवड्याचे किती तास लिहिलेत ते बघ. काही लिहिलं नसेल तर सही करण्याआधी मला कळव, त्यांना काय लिहायचं ते आपण दोघी बसून ठरवू. शनिवारी तुमच्या दुपारी तीनला मी मोकळी असते.