बर्मिंगहॅमला शिकायला येतोय. स्वस्त चेन पब बरा की जुना लोकल पब?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरात एम.एस्सी.साठी बर्मिंगहॅमला येताय, बजेट बेताचं आहे. तर वेदरस्पूनसारख्या स्वस्त चेन पबात जावं की जुन्या लोकल पबात? आणि इंग्रज मंडळी ‘स्पून्स’चं, म्हणजे वेदरस्पूनचं, नाव काढलं की नाकं का मुरडतात?

नाकं मुरडणारे तुम्हाला शुक्रवारी संध्याकाळी तिथेच भेटतील, हे आधी सांगून ठेवतो.

मी इकडे चौदा वर्षं आहे. पहिल्या हिवाळ्यात ऑफिसातून घरी येताना वाटेत एक पब लागायचा. पिवळट काचा, आत शेकोटी, बाहेर हलणारी लाकडी पाटी. एका शुक्रवारी हिय्या करून आत शिरलो. सहा-सात माणसं होती. सगळ्यांच्या माना वळल्या आणि परत आपापल्या ग्लासात गेल्या. मी खिडकीजवळचं टेबल धरून बसलो. आपल्याकडे परमिट रूममध्ये बूड टेकायच्या आत पोऱ्या पाण्याचा ग्लास आणि चखण्याची वाटी आणून आदळतो, तसं कोणीतरी येईल म्हणून वाट बघत राहिलो. वीस मिनिटं झाली, कोणी आलं नाही. मला वाटलं, रंग बघून टाळतायत. ताडकन उठलो आणि बाहेर पडलो.

पुढे कळलं की पबात टेबलापाशी कोणी येतच नसतं. काउंटरवर जायचं, मागायचं, तिथेच पैसे द्यायचे आणि ग्लास आपला आपण उचलून आणायचा. आणि मी बसलो होतो ती जागा एका म्हाताऱ्याची रोजची होती, हे कळायला आणखी दोन वर्षं गेली.

त्यानंतर मी गेलो ते गावातल्या स्क्वेअर पेगमध्ये. जुन्या लुईस डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीतलं वेदरस्पून. तिथे कोणी ढुंकूनही बघितलं नाही, आणि त्या दिवशी मला नेमकं तेच हवं होतं. एका टेबलावर पेन्शनर बाई चहा घेत पेपर वाचतेय, शेजारी बांधकामावरची पोरं जेवतायत, पलीकडे कोणीतरी लॅपटॉप उघडून बसलंय. कॉफीचा कप एकदा घेतला की परत परत भरून घ्या. गाणी नाहीत, त्यामुळे एकट्या माणसाला आपण एकटे आहोत असं वाटत नाही. आता तर ॲपवरून टेबलावरच मागवता येतं. तेव्हा हे असतं तर माझी ती वीस मिनिटं वाचली असती.

रंगाची शंका माझ्या बाबतीत चुकीची ठरली, पण ती हवेतून आलेली नव्हती. बर्मिंगहॅमला लागूनच स्मेथिक आहे. 1960च्या दशकात तिथल्या काही पबांत गोऱ्यांची खोली वेगळी असायची. फाउंड्रीत दिवसभर लोखंड ओतून आलेल्या पंजाबी कामगाराला तिथे बसू देत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशनची माणसं मुद्दाम गोऱ्या मित्रांना बरोबर घेऊन आत जायची आणि मालकाने नकार दिला की त्यावर आवाज उठवायची. फेब्रुवारी 1965 मध्ये अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारा नेता माल्कम एक्स स्मेथिकला येऊन गेला, त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला. त्याच वर्षीच्या वंशसंबंध कायद्याने पबात रंगावरून नकार देणं बेकायदा ठरवलं. तेव्हा ‘जुना पब म्हणजे सगळ्यांचं दुसरं घर’ असं कोणी गहिवरून सांगू लागलं, की सगळ्यांचं म्हणजे कोणाचं, हा प्रश्न माझ्या डोक्यात येतोच. आणि म्हणून स्पून्सला मी सहजासहजी शिव्या देत नाही.

आता स्वस्त का, ते बघू. टिम मार्टिन नावाच्या माणसाने 1979 मध्ये उत्तर लंडनमधल्या मसवेल हिलला पहिला पब काढला. आज सुमारे आठशे आहेत. त्यांची युक्ती इमारतींत आहे. बंद पडलेल्या बँका, थिएटरं, पोस्ट ऑफिसं घ्यायची. टनब्रिज वेल्सला तर चक्क ऑपेरा हाऊसमध्ये पब आहे. जागा प्रचंड, त्यामुळे खप प्रचंड, आणि खप प्रचंड म्हणून ब्रुअरीकडून (बिअर बनवणाऱ्या कंपनीकडून) भाव पाडून घेता येतो. एका ग्लासावर कमी सुटलं तरी चालतं. ‘मुदत संपत आलेली बिअर उचलतात म्हणून स्वस्त’ असं तुम्हाला कोणीतरी छातीठोकपणे सांगेल. पबातली ही जुनी लोककथा आहे. ऐकायची आणि सोडून द्यायची. (प्रत्येक शाखेतल्या गालिच्याची नक्षी मात्र खरोखरच वेगळी असते. आणि स्वच्छतागृह गाठायला बहुतेक ठिकाणी जिना चढावा किंवा उतरावा लागतो, तेव्हा निघायचा निर्णय वेळेत घ्या.)

भावाचा फरक गावागणिक बदलतो, पण ढोबळमानाने लोकलमध्ये पाइंटला पाच पौंडांच्या आसपास जातात, तर स्पून्समध्ये कास्क एल (पिंपातली पारंपरिक बिअर) तीनच्या आत-बाहेर मिळते. पाइंट म्हणजे 568 मिली. हाफही मागता येतो, त्यात कमीपणा काही नाही.

मग लोकलवाला लुटतो का? हे मला आमच्या गल्लीतल्या पबवाल्याने समजावलं. इंग्रजीत पब चालवणाऱ्याला लँडलॉर्ड म्हणतात, आणि गंमत अशी की यातले पुष्कळ लँडलॉर्ड स्वतःच भाडेकरू असतात. इमारत एका मोठ्या कंपनीची. तिला भाडं द्यायचंच, वर बिअरही तिच्याकडूनच घ्यायची, बाजारात स्वस्त मिळत असली तरी. याला ‘टाय’ म्हणतात. बाहेरून एक पिंप आणलं तर करार मोडतो. एका संध्याकाळी त्याने बिलाचा कागद काउंटरवर पसरला आणि एका आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, या भावात मी सुपरमार्केटमधून बाटल्या आणून विकल्या तरी जास्त सुटतील. मला वाटलं थट्टा करतोय. तो हसत नव्हता.

हे असं झालं कसं, तेही मजेशीर आहे. पूर्वी पब ब्रुअऱ्यांचे असत. 1989 मध्ये सरकारने ठरवलं की मोठ्या ब्रुअऱ्यांची मक्तेदारी मोडायची, दोन हजारांहून जास्त पब असतील तर त्यांवरची पकड सैल करा. ब्रुअऱ्यांनी पब विकले. घेतले कोणी? बिअर न बनवणाऱ्या, फक्त पबांची मालकी ठेवणाऱ्या कंपन्यांनी, तेही भरमसाट कर्ज काढून. मक्तेदारी मोडायला गेले आणि नवा सावकार बसवून आले. पुढे 2016 मध्ये भाडेकरूंसाठी नियमावली आली. टाय असलेले पाचशे किंवा त्याहून जास्त पब बाळगणाऱ्या कंपन्यांच्या भाडेकरूला आता ‘टाय नको, बाजारभावाने भाडं घ्या’ असं म्हणता येतं. म्हणता येतं, पण ते भाडं परवडलं पाहिजे ना.

तेव्हा जुनी पाटी आणि काळे वासे बघून भुलू नका. ती जागा पडद्याआडून आठशेऐवजी हजारो पबांच्या मालकाची असू शकते. पाटीवर ‘फ्री हाउस’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ‘आपल्या मर्जीने बिअर आणणारा’ इतकाच. फुकट काही नाही, माझा एक सहकारी खरंच तसं समजला होता.

या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या वर पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरलेत. दोष स्पून्सवर ढकलणं सोपं आहे. पण माणसं सुपरमार्केटमधून क्रेट उचलून घरी सोफ्यावर पितात, हा मार मोठा आहे. पबच्या जेवणावर 20 टक्के व्हॅट लागतो, सुपरमार्केटच्या बहुतेक खाद्यपदार्थांवर शून्य.

बिअरची चव म्हणाल तर इथे उलटा हिशोब आहे, आणि तो कोणी सांगत नाही. कास्क एल म्हणजे पिंपात अजून जिवंत असलेली बिअर. तळघरात 11 ते 13 अंशांवर ठेवतात आणि लाकडी दांडा ओढून वर खेचतात. ‘इंग्रज गरम बिअर पितात’ हे आपल्याकडचं पालुपद इथूनच आलं. गरम नसते, आपल्यासारखी बर्फगार नसते एवढंच. पिंप एकदा उघडलं की तीनेक दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर आंबते. छोट्यातलं छोटं नेहमीचं पिंप फर्किन, नऊ गॅलनचं, म्हणजे बहात्तर पाइंट. दिवसाला चोवीस. आता एखाद्या शांत लोकलने हौसेने असे पाच दांडे, म्हणजे पाच पिंपं, लावले, तर मंगळवारी रात्री रोजचे एकशेवीस पाइंट पिणार कोण? म्हणून रिकाम्या पबात दांड्यांची रांग दिसली तर मागे फिरा. दोनच दांडे आणि चार म्हातारे असतील तर बिनधास्त बसा. स्पून्समध्ये वर्दळ इतकी की पिंप शिळं व्हायला वेळच मिळत नाही.

आणि लोकल म्हणजे महाग हेही खरं नाही. ट्रामने-बसने ब्लॅक कंट्रीत, म्हणजे बर्मिंगहॅमच्या पश्चिमेच्या जुन्या कोळसा-लोखंडाच्या पट्ट्यात जा. ब्रायर्ली हिलला बॅथम्स ब्रुअरीचा स्वतःचा पब आहे, पाटीवर ‘द व्हाइन’ (द्राक्षाचा वेल), पण सगळे त्याला बुल अँड ब्लॅडर म्हणतात. दर्शनी भिंतीवर शेक्सपिअरची ओळ रंगवलेली. हे घराणं 1877 पासून बिअर बनवतंय. मोजके पब, सगळे आपले, आपलीच बिअर, मधे कोणी नाही, त्यामुळे भावही माणसाळलेला. कॉब म्हणजे गोल पाव, त्यात चीज आणि कच्चा कांदा. आपल्या वडापावाची भूक त्यावर भागत नाही, पण भागल्यासारखी होते.

घरच्या जेवणाची आठवण अनावर झाली की वेस्ट ब्रॉमविच आणि स्मेथिकचे देसी पब आहेत. ज्या पबांत बापाला बसू देत नव्हते, तसलेच पब पुढच्या पिढीने चालवायला घेतले. डार्ट्स आणि फुटबॉल तसंच ठेवलं, मागे भट्टी लावली आणि मिक्स ग्रिल सुरू केलं. तडतडणाऱ्या तव्यासोबत पाइंट. गोरे पेन्शनर तिथे ‘कालच्यापेक्षा तिखट कमी पडलं’ अशी तक्रार करताना मी ऐकलेत. माझ्या मते या भागातले सगळ्यात चांगले पब हेच, आणि ते तुमच्या दोन्ही खान्यांत बसत नाहीत.

आता लोकलसाठी दोन पौंड जास्त का मोजायचे, त्याचं माझं कारण सांगतो. तीन वर्षांपूर्वी बाबा सांगलीहून आले होते. एस.टी.त कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आयुष्यात थेंब घेतला नाही. नोव्हेंबरचा पाऊस, घरात बसून कंटाळले, म्हणून दुपारी गल्लीतल्या त्या पबात घेऊन गेलो. त्यांना लिंबू-सोडा सांगितला. कोपऱ्यात दोन म्हातारे डॉमिनो खेळत होते, ‘फाइव्ह्ज अँड थ्रीज’. दोन टोकांच्या ठिपक्यांची बेरीज करायची. पाचाने किंवा तिनाने भाग गेला की गुण. बाबा उठून त्यांच्यामागे जाऊन उभे राहिले. दहा मिनिटं नुसते बघत होते. मग एकाने सोंगटी लावली. एका टोकाला डबल सहा, म्हणजे बारा, दुसऱ्याला तीन. तो अजून बोटं मोजतोय तोवर बाबा म्हणाले, ‘एट.’ पंधरा, पाचाने तीनदा, तिनाने पाचदा, आठ. चालत्या गाडीत उभ्याने सुट्टे पैसे मोजलेला माणूस तो. म्हाताऱ्याने वर बघितलं आणि खुर्ची सरकवली.

बाबा तीन आठवडे होते, त्यातल्या नऊ दुपारी तिथे गेले. इंग्रजी आकड्यांपुरतंच. भाषांतरासाठी थांबू का विचारलं तर म्हणाले, तू जा, तुझं काम कर. अजून मी एकटा गेलो की लँडलॉर्ड पाइंट ओढता ओढता आधी विचारतो, हाऊज द ओल्ड मॅन. स्पून्समध्ये हे झालं नसतं. पण पहिल्या वर्षी मी स्पून्समध्ये निवांत बसलो नसतो, तर बाबांना त्या दारातून आत नेण्याइतका धीटही झालो नसतो.

तर पहिला महिना खुशाल स्पून्समध्ये काढा. गुरुवारी त्यांचा करी क्लब असतो, पोट भरतं, पुण्याची आठवण मात्र त्यात शोधू नका. मग होस्टेलजवळचा एक लोकल धरा आणि मंगळवारी-बुधवारी जा, शुक्रवारी नको. सलग चार-पाच आठवडे त्याच पबात जा. काउंटरवर उभं राहा, रांग दिसत नाही पण असते, आपल्या आधी कोण आलं हे लक्षात ठेवा. कोणी राउंड पाजला तर पुढचा आपला, न पाजता निघायचं असेल तर पहिलाच राउंड नाकारा. टिप ठेवत नाहीत. फार बरं वाटलं तर ‘अँड वन फॉर युअरसेल्फ’ म्हणा, म्हणजे माझ्या पैशाने तुमच्यासाठीही एक घ्या.

आणि ओळखपत्र जवळ ठेवा. कायद्याने वय 18 पुरतं, पण पंचविशीच्या आतले दिसलात तर विचारतातच. मला शेवटचं विचारलं तेव्हा मी एकतिशीचा होतो. घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं.