ई-तिकिटावर भरवसा ठेवा, पण तिकीट क्रमांक बघून

पहिलाच विमानप्रवास आहे, म्हणून हातात कागदी तिकीट हवंसं वाटतंय ना? मलाही वाटायचं. पण 1 जून 2008 पासून आयाटाने, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, कागदी तिकिटं जवळपास हद्दपारच केली. आणि बरंच झालं! कागद हरवला की नव्या तिकिटासाठी खेटे घालावे लागत. ई-तिकीट हरवत नाही, कारण खरं तिकीट म्हणजे विमान कंपनीच्या संगणकातली नोंद. तुमच्याकडचा कागद ही फक्त पावती.

मेल आली की आधी 13 अंकी तिकीट क्रमांक शोधा. नवखे इथेच फसतात. सहा अक्षरी पीएनआर म्हणजे नुसतं आरक्षण. तिकीट निघालेलं नसलं तरी तो मिळतो. एजंटाने मला एकदा तेवढाच पाठवला होता, काउंटरवर घाम फुटला. तेव्हापासून पीएनआर आणि आडनाव टाकून कंपनीच्या साइटवर स्वतः खात्री करतो. नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना, तेही तिथेच कळतं.

प्रिंट मात्र जवळ ठेवाच. मोबाइल नेमका विमानतळाच्या दारातच मान टाकतो, आणि परदेशात उतरल्यावर परतीचं तिकीट दाखवा म्हणू शकतात.