बूट जलरोधक, तरीही मोजे ओले का?

प्रश्न : येत्या जानेवारीत मी लडाखमधल्या गोठलेल्या झंस्कार नदीवरच्या चादर ट्रेकला जाणार आहे. गेल्या हिवाळ्यात उत्तराखंडातल्या केदारकंठा ट्रेकसाठी घेतलेले जलरोधक चामडी बूट माझ्याकडे आहेत. त्या वेळी बुटांत बर्फ शिरल्याचे दिसले नाही, तरी दुपारपर्यंत मोजे ओलसर होत आणि मुक्कामी पोहोचल्यावर बोटे बधिर पडत. बूट सदोष आहेत का? चादरसाठी सगळे गमबूट घ्यायला सांगतात. पण नुसत्या रबरात पाय उबदार कसे राहणार?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपले वर्णन पाहता बूट सदोष असावेत असे वाटत नाही. मोज्यांतली ओल बाहेरच्या बर्फाची नसून बहुधा आपल्याच घामाची होती. खात्री करायची असेल, तर बुटांत कोरडा वर्तमानपत्री कागद कोंबून ते परातीतल्या पाण्यात, पाणी लेसच्या खालीच राहील अशा बेताने, अर्धा-पाऊण तास उभे ठेवावेत. कागद कोरडा निघाला, तर बुटांना बोल लावण्याचे कारण नाही.

जलरोधक बुटाच्या अस्तरामागे बहुतेक वेळा सूक्ष्म छिद्रांचा एक पातळ पडदा असतो. 1969 साली अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचे प्लास्टिक तापवून झटक्यासरशी ताणले, तेव्हा या पडद्याचा शोध लागला. त्याची छिद्रे इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब त्यांतून आत येत नाही, मात्र घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. जाहिरातीत एवढेच सांगितले जाते. प्रत्यक्षात कडाक्याच्या थंडीत ही वाफ पूर्ण बाहेर पडण्याआधीच बुटाच्या गारठलेल्या बाहेरच्या थरांत तिचे पाणी होते, कधी हिमकणही होतात. आणि चामडे वरून भिजलेले असेल तर वाफेची वाट जवळजवळ बंदच होते. चढावर पाय गरम असतात, घाम येत राहतो आणि त्रास जाणवत नाही. मुक्कामी पोहोचून चालणे थांबले की शरीराची ऊब कमी होते, हातापायांकडचा रक्तपुरवठा आकसतो आणि मोज्यांत साठलेली ओल पायाची उष्णता ओढू लागते. कारण पाणी स्थिर हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते. आपली बोटे नेमकी मुक्कामावर का बधिर पडत, याचे कारण हे आहे.

आपल्याकडच्या भटक्यांची एक सवय येथे नडते. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरताना बूट भिजणार हे गृहीतच असते, आणि हवा वीस-बावीस अंशांची असल्याने ओल्या मोज्यांनी दिवसभर चालले तरी फारसे बिघडत नाही. लडाखमध्ये ती बेफिकिरी चालत नाही.

गमबुटांचा सल्ला योग्य आहे. चादर म्हणजे गोठलेली नदी. ती मध्येच तुटते, काही ठिकाणी बर्फावरून पाणी वाहते आणि घोट्याच्या वरपर्यंत पाण्यातून जावे लागते. अशा वेळी घोट्याशी संपणारा बूट, मग तो कितीही महागडा असो, वरून भरतो आणि एकदा भरला की रात्रीत वाळत नाही. गमबूट गुडघ्याच्या जवळपास येतो. रबराविषयीची आपली शंका रास्त आहे; त्यातून वाफ मुळीच बाहेर जात नाही, आणि म्हणूनच गमबूट वापरताना मोजे घामाने ओले होणारच असे धरून तयारी करावी लागते. बूट नेहमीच्या मापापेक्षा एक क्रमांक मोठा असावा, तळाला फेल्टची (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची) इनसोल, म्हणजे आतली तळपट्टी, घालावी, पायात आधी एक पातळ कृत्रिम धाग्याचा मोजा आणि त्यावर जाड लोकरीचा मोजा चढवावा. सुती मोजा घरीच ठेवावा. तो पाणी धरून बसतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही. दुकानात ‘थर्मल’ म्हणून मिळणारे बरेच मोजे निव्वळ ॲक्रिलिकचे असतात, तेव्हा वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचूनच पैसे द्यावेत.

मोज्यांचे दोनाचे तीन थर करण्याचा मोह मात्र टाळावा. ऊब देते ती थरांमध्ये अडकलेली हवा. बूट घट्ट झाला की ती हवा दाबली जाते, रक्ताभिसरण अडते आणि पाय जास्तच गारठतात. बूट घालून बोटे मोकळेपणाने हलवता आली पाहिजेत, हीच कसोटी.

चालताना घाम फुटायच्या आत जाकिटाची चेन उघडावी किंवा एक थर उतरवावा, आणि थांबल्याबरोबर तो पुन्हा चढवून टोपी घालावी. धड गारठले तर मोजे कितीही चांगले असोत, पाय उबदार राहत नाहीत. दुपारच्या विश्रांतीत मोजे बदलावेत. मुक्कामी इनसोल काढून बूट आतून पुसावेत, ओलसर मोजे व इनसोल रात्री स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ घ्यावेत. रात्रीचे तापमान उणे 25 अंशांच्या आसपास उतरते, त्यामुळे तंबूत उघड्यावर ठेवलेले मोजे सकाळी लाकडासारखे ताठ मिळतात. झोपण्यासाठी लोकरीचा एक जोड वेगळा ठेवावा आणि तो घालून पाऊलभरही चालू नये. लेहमधल्या मुक्कामात बुखारीपाशी, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीपाशी, बूट वाळवण्याची इच्छा होईल, पण त्या उष्णतेने सोलचा चिकटवा सुटतो आणि चामडे तडकते. आत कागद भरून तो ओला झाला की बदलत राहणे सुरक्षित.

बोट पांढुरके, मेणासारखे दिसू लागले आणि स्पर्श कळेनासा झाला, तर ‘थोडे पुढे जाऊन बघू’ म्हणू नये. तिथेच थांबून बूट काढावा आणि पाय सोबत्याच्या पोटाशी किंवा काखेत धरावा. चोळणे, बर्फ लावणे, शेकोटीवर धरणे या तिन्ही गोष्टी अपायकारक आहेत. थोड्या वेळात संवेदना परतली नाही, तर चालणे बंद करून वैद्यकीय मदत गाठावी.

प्रश्न : माझे वडील 71 वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. डिसेंबरमध्ये ते साताऱ्याहून आमच्याकडे येणार आहेत. त्यांच्यासाठी उणे 40 अंशांचे लेबल असलेले बूट घेतले तर पुरेसे होईल का?
– एक वाचक, टोरांटो

उत्तर : या आकड्यावर फार विसंबू नये. सर्व कंपन्यांना बंधनकारक असे त्याचे एकच प्रमाण नाही, शिवाय तो बहुधा चालत्या माणसासाठी असतो; बसथांब्यावर उभ्या असलेल्या वयस्कर माणसाला तो लागू पडेलच असे नाही. आतले फेल्टचे अस्तर बाहेर काढता येईल असा बूट घ्यावा, म्हणजे ते रोज रात्री वेगळे वाळवता येते. वडील आल्यावर, तेही संध्याकाळी, जाड मोजे घालूनच माप पाहावे, कारण पाय दिवसअखेर थोडे सुजतात.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर थंडी कळत नाही आणि चटकाही कळत नाही. म्हणून गरम पाण्याची पिशवी, हीटर किंवा बॅटरीवर तापणारे मोजे त्यांच्यासाठी नकोत. घरी आल्यावर मोजे काढून तळपाय व बोटांमधल्या फटी आपण स्वतः पाहाव्यात. लालसर डाग, फोड किंवा चिरा दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. रस्त्यावरच्या मिठाने चामड्यावर पांढरे डाग पडतात. ते व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याच्या फडक्याने पुसले की बूट टिकतात.

प्रश्न : गुलमर्गला दोन दिवस जाणार आहोत. मोज्यांवर प्लास्टिकची पिशवी घालून वर बूट घातले तर चालते का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पातळ मोजा, त्यावर पिशवी आणि तिच्यावर जाड लोकरीचा मोजा, या क्रमाने काही तास चालते, बाहेरचा मोजा कोरडा राहून ऊब टिकते. आतला पाय मात्र ओलाच राहतो. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांचे पाय निकामी झाले ते गोठल्यामुळेच असे नाही. शून्याच्या वरच्या तापमानातही दिवसेंदिवस ओले राहिल्याने तशी इजा होते. तेव्हा दुपारी हॉटेलवर परतताच पिशवी काढून पाय पुसावेत आणि तासभर उघडे ठेवावेत.